फळी चिरताना गाईडचं शेपूट बघा

गेल्या जूनमध्ये लोणावळ्याच्या शेडमध्ये आंब्याची फळी चिरत होतो आणि ती अर्ध्यावरच अडली. मोटर घरघरली, जळक्या लाकडाचा वास आला, कडेवर काळा पट्टा उमटला. मी झटकन मशीन बंद केलं. रंधा, चक्री आणि भोकं पाडायची सोय एकाच मोटरवर चालवणारं हे मल्टिपर्पज मशीन. त्याच्यासोबत आलेलं गाईड, म्हणजे फळी ज्याला टेकवून पात्याकडे सरकवायची ती आडोशाची पट्टी, साध्या पत्र्याचं होतं. नवं घ्यायला निघालो तेव्हा ओळखीचे मिस्त्री म्हणाले, “दादा, मोजपट्टीवरचे आकडे नंतर बघा. आधी शेपूट हलतंय का ते बघा.”

शेपूट म्हणजे गाईडचं पात्यामागचं टोक. पात्याचे पुढचे दात फळीला टेबलावर दाबतात, पण मागचे दात खालून वर येतात. शेपूट पात्याकडे झुकलेलं असेल तर फळी तिथे चेपली जाते, मागचे दात तिला उचलतात आणि थेट आपल्याकडे फेकतात. मिनिटाला 3000 फेरे घेणाऱ्या 250 मिलीमीटरच्या पात्याची कड ताशी सुमारे 140 किलोमीटर वेगाने धावत असते. पात्यामागची उभी पाती हा धोका पुष्कळ कमी करते. ती कधीही काढून ठेवू नये.

शेपूट हलतं ते डोक्यामुळे. समोरच्या रुळावर बसणारं डोकं 20 सेंटीमीटर लांब असेल आणि त्यात अर्ध्या मिलीमीटरचा खेळ असेल, तर 70 सेंटीमीटरवरचं टोक पावणेदोन मिलीमीटर सरकतं. डोकं 40 सेंटीमीटरचं घेतलं की तोच खेळ टोकाला 0.9 मिलीमीटरवर येतो. मल्टिपर्पज मशीनवर ही गोष्ट जास्तच महत्त्वाची, कारण रंध्याचं काम आलं की गाईड काढावं लागतं आणि दिवसातून चार वेळा परत बसवावं लागतं. पुढे-मागे दोन्हीकडे आवळायचं गाईड दर वेळी थोडं वेगळं बसतं. म्हणून मी लांब डोक्याचं, फक्त समोरून आवळायचं, जाड अॅल्युमिनियमचं गाईड घेतलं. इथल्या दमट हवेत लोखंडी गाईडला गंज लागतो, हेही कारण होतंच.

गाईड लांब असावं की आखूड? प्लायसाठी लांबच बरं. अख्ख्या लाकडाची गोष्ट निराळी. मावळातली पुष्कळ झाडं डोंगरउतारावर कललेली वाढतात, आणि कललेल्या झाडाच्या खोडात ताण साठतो. चिरताना तो सुटला की फळीचे दोन भाग फाकतात किंवा मिटतात. फाकणाऱ्या भागाला पात्यापलीकडे लांब गाईड आडवं आलं, तर तो उलटा पात्यावर दाबला जातो. त्यामुळे गाईडचा दर्शनी भाग पुढे-मागे सरकणारा हवा. लाकूड चिरताना तो पात्याचे पुढचे दात जेमतेम ओलांडून थांबवायचा, प्लाय असेल तेव्हा पूर्ण मागे न्यायचा.

हा दर्शनी भाग मी हौसेने सागवानी केला. जवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षं उभ्या आहेत, मग आपली पट्टी चार महिन्यांच्या पावसाला का घाबरेल, असं वाटलं. साग सहजी कुजत नाही, पण फुगतो. त्यातला ओलावा 10 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर गेला, तर 100 मिलीमीटर रुंदीची पट्टी, कापाच्या दिशेनुसार, सव्वा मिलीमीटरपर्यंत रुंदावते. वर-खाली स्क्रूने आवळलेल्या पट्टीला रुंदावायला जागा नसते. ती मधोमध बाहेर येते.

ऑगस्टमध्ये तपासायला बसलो. प्लग काढला, पात्याच्या एका दातावर खडूची खूण केली. तो दात पुढे आणून गाईडपर्यंतचं अंतर मोजलं, मग पातं फिरवून तोच दात मागे नेला आणि पुन्हा मोजलं. अॅल्युमिनियमपासून अंतर दोन्हीकडे सारखं होतं. सागवानी पट्टीला सरळपट्टी लावली, तर वरच्या आणि खालच्या कडेला पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट होती. पट्टी उतरवली आणि दोन्ही बाजूंनी सनमायका चिकटवलेला प्लाय तिथे बसवला.