खर्ज नेमका कोणाचा? दिवाणखान्यातले उभे स्पीकर आणि आपलं ऐकणं

काही वर्षांपूर्वी एका छोट्या चर्चासत्रात मी एक निबंध वाचला. एका दिवंगत ख्यालगायकाच्या दोन खासगी ध्वनिमुद्रणांची त्यात तुलना होती. एक मैफल उमेदीच्या काळातली, काळी दोनमधली. दुसरी उतारवयातली, तोवर त्यांचा स्वर काळी एकवर आला होता. दुसऱ्या मैफलीत तानपुऱ्यांचा खर्ज मुद्दाम पुढे ठेवलेला आहे, सगळी मैफल एका गंभीर आसेत बुडालेली आहे, असं मी ठामपणे लिहिलं होतं. त्यावरून त्या गायकाच्या बदललेल्या सौंदर्यदृष्टीविषयी दोन पानं अनुमानही केलं होतं. श्रोत्यांनी माना डोलावल्या. पुढे एकदा प्रवासात तेच ध्वनिमुद्रण हेडफोनवर ऐकलं, तेव्हा तो खर्ज कुठेच नव्हता. म्हणजे होता, पण इतर तारांइतकाच. मी ज्याचं विश्लेषण केलं होतं तो गायक नव्हता, तानपुरेही नव्हते. तो माझा दहा बाय सोळाचा हॉल होता आणि त्यात नुकतेच आणून ठेवलेले दोन उंच, भारदस्त स्पीकर होते.

ज्यांना इंग्रजीत फ्लोअरस्टँडिंग म्हणतात आणि आपल्याकडचे दुकानदार ‘टॉवर’ म्हणून ओळखतात, त्या जमिनीवर उभ्या स्पीकरांची निवड हा म्हणूनच माझ्यासाठी निव्वळ खरेदीचा विषय राहिला नाही. संगीतावर लिहिणारे आपण बहुतेक जण आज ध्वनिमुद्रणं ऐकूनच लिहितो. संहितेचा अभ्यासक पोथीच्या पाठाची शुद्धता तपासतो. आपण मात्र आपला पाठ कोणत्या खोक्यातून, कोणत्या खोलीत ऐकला याची साधी नोंदही ठेवत नाही.

आधी थोडा हिशेब मांडतो. हार्मोनियमच्या प्रचलित पट्टीप्रमाणे काळी एकचा मध्य षड्ज सुमारे १३८.६ हर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला तितकी आंदोलनं. पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा या स्वरात लागतात आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९.३ वर. काळी दोनचा खर्ज ७७.८ चा. आता खोलीकडे पाहू. ध्वनीचा वेग आपल्या हवामानात सेकंदाला साधारण ३४५ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ध्वनी मागेपुढे आपटू लागला की विशिष्ट आंदोलनसंख्यांना स्थायी तरंग उभे राहतात. त्यातली सर्वांत खालची संख्या काढायची तर वेगाला अंतराच्या दुपटीने भागायचं. सोळा फूट म्हणजे ४.८८ मीटर. उत्तर येतं सुमारे ३५ आणि त्याच्या वरची पायरी ७० च्या किंचित वर. काळी एकचा खर्ज नेमका तिथेच जाऊन बसतो! ७७.८ चा खर्ज मात्र या पायरीपासून पुरेसा दूर राहतो, म्हणून काळी दोनची मैफल मला ‘कोरडी’ वाटली होती. त्यात भर म्हणजे माझी खुर्ची मागच्या भिंतीला टेकून होती. भिंतीलगत या तरंगाचा दाब सर्वाधिक असतो. म्हणजे नको त्या स्वरासाठी मी घरातली उत्तम जागा पकडून बसलो होतो.

यात खोलीइतकाच बांधकामाचाही दोष आहे, आणि स्पीकरविषयी लिहिताना तो क्वचितच सांगितला जातो. बाजारात मिळणारे बरेचसे नामांकित स्पीकर युरोप-अमेरिकेत घडतात, तिथल्या खोल्या गृहीत धरून. तिथल्या असंख्य घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी सांगाड्यावर ठोकलेले जिप्समचे पत्रे. अशी भिंत खालच्या स्वरांबरोबर स्वतः थोडी लवते, त्यातली ऊर्जा खाऊन टाकते. शिवाय पायाखाली गालिचा. आपला फ्लॅट म्हणजे वर-खाली सिमेंटचा स्लॅब, चारी बाजूंना प्लास्टर केलेली विटांची भिंत आणि जमिनीवर गुळगुळीत टाइल. इथे खालचा स्वर अडकला की विरायचं नावच घेत नाही. तिकडे जो स्पीकर ‘समतोल’ ठरतो, तो इकडे बोजड होऊ शकतो. आमच्या गावाकडच्या माळवदाच्या घरात, मातीच्या भिंतींत नि लाकडी तुळयांखाली, साध्या रेडिओवरचं गाणंही स्वच्छ का वाटायचं याचं थोडं उत्तर इथे मिळतं. सगळं नाही, बालपणही त्यात मिसळलेलं असणारच.

पडदे लावा, गोधड्या टांगा, हा सल्ला मलाही मिळाला. वरच्या स्वरांचा खणखणाट त्याने कमी होतो, आणि टाइलच्या खोलीत तेवढं करावंच. हार्वर्डमध्ये वॉलेस सॅबाइन यांनी १८९५ पासून एका व्याख्यानगृहात आसनांच्या गाद्या आणून, मांडून, हलवून घुमण्याचा काळ मोजला, तेव्हापासून मऊ वस्तूंचा हा गुण आकड्यांत मांडता येतो. पण ७० हर्ट्‌झच्या लहरीची लांबी जवळजवळ पाच मीटर. तिच्यापुढे दोन इंचांची गोधडी काय करणार? माझ्याकडे भिंतभर रचलेले दिवाळी अंक आहेत. तेही त्या कामाला उपयोगी पडले नाहीत, हे संपादकांची क्षमा मागून सांगतो.

मग मुळात टॉवर घ्यावेच कशाला? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ विचारला. मोठ्या खोक्यांचं प्रस्थ थोडं इतिहासातून आलं आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये चलकुंडलाचा, म्हणजे हलणाऱ्या कॉइलचा, स्पीकर मांडला. त्यानंतर कितीतरी वर्षं खालचे स्वर हवेत तर कपाटाएवढं खोकं हाच उपाय होता. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची ताकद थोडी असायची, त्यामुळे थोडक्यात जास्त आवाज काढणारा स्पीकर हवा असायचा. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांनी बंदिस्त खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून, फळीवर मावेल एवढ्या पेटीतून खोल स्वर काढून दाखवले. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी भोक असलेल्या, म्हणजे पोर्टवाल्या, पेटीचं गणित पक्कं केलं. तेव्हापासून पेटीचं आकारमान, खोल स्वर आणि आवाजाचा जोर या तिघांचं नातं कागदावर मांडता येतं. तीनही एकदम मिळत नाहीत. दोन घ्यायचे, तिसऱ्यावर पाणी सोडायचं. टॉवरवाला आकारमानावर पाणी सोडतो आणि उरलेले दोन घेतो.

पण ख्याल-धृपद ऐकणाऱ्याला किती खोल जायचं आहे? पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्‌झचा, डबल बासची खालची तार ४१ ची आणि मोठ्या चर्चमधला ऑर्गन तर त्याहून कितीतरी खाली उतरतो. ‘३० हर्ट्‌झपर्यंत जाणारा स्पीकर’ ही जाहिरात त्या संगीतासाठी आहे. आपला तानपुरा सत्तरच्या आसपास थांबतो. डग्ग्याचा स्वर तळहाताच्या दाबाने वर सरकत राहतो, पण तोही तीसला जात नाही. आणि लाखेच्या तबकड्यांचा संग्रह असेल तर प्रश्नच मिटला. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानचं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा मायक्रोफोन नव्हताच, कर्ण्यात तोंड घालून गायचं होतं. त्या पद्धतीत खर्ज मुळात उमटतच नसे. विजेवरचं ध्वनिमुद्रण १९२५ नंतरचं. कर्ण्याच्या काळातली तबकडी टॉवरवर लावली तर सुईची घरघर तेवढी भव्य होते.

खरी परीक्षा खाली नसून मधे आहे, हे मला उशिरा कळलं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये सिवकाली कुमार यांच्याबरोबर दाखवलं की शाईमुळे तबल्याच्या पुडीचे उपस्वर सुरेल श्रेणीत येतात. साध्या ताणलेल्या कातड्याचे ते येत नाहीत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी तानपुऱ्याच्या जवारीवर लिहिलं. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो तो उपस्वर उमटू नये, असा जुना नियम; जवारी तो सरळ धाब्यावर बसवते. आपण ज्यांना स्वयंभू स्वर म्हणतो ते सगळे या वरच्या मजल्यांवर राहतात, अनेकदा दोन-तीन हजार हर्ट्‌झच्या प्रदेशात. आणि नेमक्या याच प्रदेशात बहुतेक स्पीकरांमध्ये वूफर आपलं काम ट्वीटरच्या हाती सोपवतो. ही सोपवणूक गबाळी असेल तर तानपुरा दोन तुकड्यांत ऐकू येतो, लाकूड एकीकडे आणि झणकार दुसरीकडे. सारंगीवर हे आणखी निर्दयपणे कळतं.

म्हणून दुकानात जाताना मी आता फक्त तानपुऱ्याचं, साधं पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण नेतो. विक्रेत्याने लावलेला ढोल-गिटारचा तुकडा विनयाने बंद करायला सांगतो. (एका दुकानात त्या मुलाने विचारलं, “काका, गाणं कधी सुरू होणार?” प्रश्न बरोबरच होता.) पंचम, जोड, खर्ज या चारही तारा एकसारख्या उजेडात दिसतात का, हे आधी. मग खुर्चीवरून उठून बाजूला जातो. बाजूने ऐकताना जात बदलली, झणकार मेला, तर तो स्पीकर सोडतो. ही माझी लहर नाही. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी वर्षानुवर्षं स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांकडून गुण घेतले. समोरून सपाट आणि बाजूंनाही हळुवार उतरत जाणारा आवाज लोकांना पुनःपुन्हा आवडतो, असं त्यात दिसलं. आपल्या कानी येणारा बराचसा ध्वनी भिंतींवरून परतून आलेला असतो, हे त्याचं कारण.

याच टूल यांनी शॉन ऑलिव्ह यांच्याबरोबर १९९४ मध्ये केलेला एक प्रयोग मला फार बोचला. तेच श्रोते, तेच स्पीकर. एकदा पडद्याआड, एकदा उघड्यावर. स्पीकर दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले. छोटा, स्वस्त संच पडद्याआड बरा ठरला होता, तो दिसताच घसरला. खोलीतली जागा बदलल्याने पडणारा फरकही डोळ्यांदेखत ऐकणाऱ्यांना फारसा जाणवेना. त्या निबंधातला माझा ‘गंभीर खर्ज’ काही अंशी खोलीने दिला होता हे खरं. काही अंशी तो साडेतीन फूट उंचीच्या अक्रोडी लाकडाने दिला असावा.

कागदावरच्या आकड्यांविषयी थोडक्यात. ‘३५ ते २०,०००’ असं लिहून पुढे किती डेसिबेलच्या फरकात ते सांगितलं नसेल, तर तो आकडा वाचला नाही तरी चालेल. संवेदनशीलता मात्र जरूर पाहावी. ८७ ऐवजी ९० डेसिबेलचा स्पीकर म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी निम्म्या ताकदीचा ॲम्प्लिफायर पुरतो. ८ ओहम लिहिलेला स्पीकर मधेच ३-४ पर्यंत उतरत असेल तर छोटा ॲम्प्लिफायर दमतो, हेही विचारून घ्यावं. आणि पोर्ट मागे असेल तर भिंतीपासून किती अंतर लागेल ते फुटपट्टीने घरी मोजून मगच निघावं. कोपरा टाळावा, दोन भिंती आणि जमीन मिळून खालच्या स्वरांना जो रेटा देतात तो नंतर काढता येत नाही.

मी शेवटी टॉवरच घेतले. आठ इंची वूफरांची ती पहिली जोडी विकली, तोटा सोसून. नवे अरुंद आहेत, साडेसहा इंचांचे दोन शंकू, त्यातला खालचा फक्त खर्जाच्या कामाला. याला अडीच मार्गी रचना म्हणतात. पोर्ट पुढे आहे आणि त्यात बसवायचे फोमचे बोळे बरोबर मिळाले. छोटे बुकशेल्फ घेतले असते तर त्यांना स्टँड लागलेच असते आणि जमीन तेवढीच अडली असती. शिवाय माझा ॲम्प्लिफायर अशक्त आहे आणि पखवाजाची थाप दबलेली मला सोसत नाही. माझ्या जागी बंद खोलीत, हळू आवाजात, रात्री ऐकणारा कोणी असेल तर मी त्याला बुकशेल्फच घ्यायला सांगेन.

खुर्चीचं काम मात्र फुकटात झालं. सोळा फुटी लांबीतल्या त्या ७० च्या तरंगाचा दाब मागच्या भिंतीपासून बरोबर चार फुटांवर शून्याला येतो. तिथे बसलं तर काळी एकचा खर्ज गायबच होतो, तेही खोटंच. इंच-इंच सरकत मी सव्वातीन फुटांवर थांबलो, जिथे हेडफोनवरची आणि खोलीतली तार जवळजवळ सारखी लागते. ३५ हर्ट्‌झची पायरी तशीच आहे, पण आमच्याकडे तिथे कोणी गात-वाजवत नाही. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या चार खुणा आहेत. केर काढताना खुर्ची हलली की परत त्यांवर आणून ठेवतो. निबंधाच्या टंकलिखित प्रतीवर समासात दुरुस्ती लिहिली आहे आणि चर्चासत्राच्या संयोजकांना पत्रही पाठवलं आहे. त्या दोन मैफली मी आता पुन्हा ऐकतो आहे. काळी एकच्या मैफलीत, खर्ज बाजूला झाल्यावर, दुसऱ्या तानपुऱ्यात पंचमाऐवजी निषाद लावलेला ऐकू येतो आहे. आधी तो मला ऐकूच आला नव्हता.