संत योसेफाचे मौन

चारही शुभवर्तमाने आरंभापासून अखेरपर्यंत वाचून पाहावीत. संत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द त्यांत सापडत नाही. पवित्र मरियेचे बोल आपणांस ठाऊक आहेत, वृद्ध शिमोनाचे स्तोत्र ठाऊक आहे. इतकेच काय, कपटी हेरोदाचे बोलणेही मत्तयाने नोंदून ठेवले आहे. ज्याच्या छपराखाली प्रभू येशू लहानाचा मोठा झाला, तो सुतार मात्र बोलतच नाही.

अबोल स्वभावाचा माणूस होता, एवढे म्हणून हे मौन बाजूस सारणे मला योग्य वाटत नाही. त्याचा प्रथम प्रत्यय कोठे येतो ते पाहा. आपली वाग्दत्त वधू गर्भवती आहे असे योसेफास कळते. मोशेच्या नियमशास्त्रात अशा वधूसाठी दगडमाराची शिक्षा लिहिलेली होती. योसेफाने चार वडीलधाऱ्यांसमोर नुसती तक्रार केली असती, तरी मरियेला गावात तोंड दाखवण्यास जागा उरली नसती. आणि त्याला कोणी दोषही दिला नसता. त्याने ती केली नाही. गाजावाजा न करता तिला सोडावे, असे त्याने मनाशी ठरवले. देवदूत स्वप्नात आला तो ह्यानंतर. म्हणजे काहीच उलगडा झालेला नव्हता, अंतःकरण पोळत होते, तेव्हाच ह्या मनुष्याने आपली जीभ आवरली होती. आपल्या घरांत संशयाची ठिणगी पडताच किती तोंडे उघडतात, हे वाचकांना सांगावयास नको.

पुढे आज्ञा येतात, त्याही एकेक करून. मरियेचा स्वीकार कर, असे पहिल्या स्वप्नात. दुसऱ्यात बाळाला व त्याच्या आईला घेऊन मिसर देशी पळून जाण्यास सांगितले. आणि मी सांगेन तोवर तेथेच राहा, असे बजावले. किती दिवस? त्याचा उल्लेख नाही. योसेफ रात्रीच उठून निघाला. पंचाहत्तराव्या वर्षी हारान सोडणाऱ्या अब्राहामालाही जावयाचा देश कोणता हे आधी सांगितलेले नव्हते. परंतु निघण्यापेक्षा थांबणे अधिक कठीण असते. परक्या मुलखात, परक्या भाषेत, नवे काम शोधीत योसेफ थांबला. हेरोद मरेपर्यंत थांबला.

जखऱ्या याजकाची गोष्ट ह्याच्याशेजारी ठेवून पाहावी. मंदिरात, धूप जाळीत असता, त्याला देवदूत भेटला. त्याने खूण मागितली आणि त्याची वाचा गेली. ती परत आली पाटीवर मुलाचे नाव योहान असे लिहिल्यावर. जखऱ्यावर मौन लादले गेले. योसेफाने ते स्वतः पत्करले.

येथे एक खुलासा केलेला बरा. अन्याय पाहून गप्प बसणाऱ्यांनी योसेफाचा आधार घेऊ नये. दावीद राजासमोर नाथान संदेष्टा गप्प बसला असता, तर तो आज्ञाभंगच ठरला असता. शिवाय योसेफाचे आज्ञापालन आंधळेही नव्हते. मिसर देशातून परतताना यहूदीयात हेरोदाचा पुत्र अर्खेलाव राज्य करतो असे ऐकून त्याला तेथे जाण्याचे भय वाटले. मग स्वप्नात सूचना मिळून तो गालीलातील नाझरेथास गेला.

शेवटचा प्रसंग लूकने दिला आहे. बारा वर्षांचा येशू तीन दिवसांच्या शोधानंतर यरुशलेमच्या मंदिरात सापडला. बोलली ती आई. पित्याचे दुःखही तिनेच सांगितले. पुत्राचे उत्तर दोघांनाही उमगले नाही, आणि तरीही तिघे मिळून नाझरेथास परतले. त्यानंतर योसेफाचे काय झाले, ह्याविषयी शुभवर्तमाने काहीही सांगत नाहीत.

ख्रिस्तसभेनेही त्याच्या सन्मानाची घाई केली नाही. पोप नववे पायस ह्यांनी १८७० साली त्याला अखिल ख्रिस्तसभेचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. मिस्सातील प्राचीन रोमन प्रार्थनेत त्याचे नाव १९६२ साली पोप तेविसावे जॉन ह्यांनी घातले. इतर तीन मुख्य प्रार्थनांत ते आले २०१३ साली.