लाइट गेल्यावरचे विनोद

प्रांतावरून, जातिधर्मावरून विनोद सांगणारा माणूस मनातून द्वेष्टा असतो का? हा प्रश्न मला भिवंडीतल्या एका यंत्रमाग कारखान्यात पडला. तिथे मी हिशेब लिहीत असे. माग चालवणारे बहुतेक कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे. लाइट गेली की माग थांबत आणि आम्ही ऑफिसातली मंडळी ‘भैया’चे विनोद सांगायचो. त्यात माझा हातखंडा होता. माझ्या मनात कुणाबद्दल आकस नाही, अशी माझी खात्री होती.

एकदा एका ताक्यात लांबच लांब रेघ निघाली. ‘भैयाच तो, त्याला काय कळतंय!’ कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि त्या हसण्यातच मी कामगाराच्या मजुरीतून नुकसानभरपाई कापली. आठवड्याने जॉबरने फणी उतरवली, तर तिची एक तार वाकलेली. अशा फणीने ताण्याच्या दिशेने रेघ पडतेच. दोष कामगाराचा नव्हता. मग चौकशीही न करता कपात करण्याचं धाडस मला आलं कुठून?

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ क्रिस्टी डेव्हिस यांनी जगभरचे असे विनोद अभ्यासले. इंग्रज आयरिश माणसाला मूर्ख ठरवतात, आपण सरदारजींना. अशा विनोदांतून समाज कळतो, पण विनोद द्वेष निर्माण करत नाहीत, असं त्यांचं मत. मला ते निम्मंच पटतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ थॉमस फोर्ड आणि सहकाऱ्यांनी २००८ साली काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एकात पुरुषांना स्त्रियांची टर उडवणारी प्रहसनं दाखवली आणि मग विद्यार्थी संघटनांच्या निधीत कपात सुचवायला सांगितली. ज्यांच्या मनात स्त्रियांविषयी आधीच आकस होता, त्यांनी स्त्रियांच्या संघटनेच्या निधीला जास्त कात्री लावली. इतरांवर तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे विनोदाने आकस पेरला नाही, असलेल्या आकसाला मोकळीक दिली.

माझी कात्रीही तशीच चालली होती. विनोद सांगितल्याने मी द्वेष्टा झालो नसेन, पण मनात काहीतरी होतं आणि हशाने त्यावरचा संकोच उडवला.

भिवंडीने १९७० आणि १९८४च्या दंगली सोसल्या. १९८८पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, हिंदू-मुसलमानांना समोरासमोर बसवलं. १९९२-९३मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. ज्याच्याशी रोज समोरासमोर बोलायचं, त्याची पाठीमागे टर उडवणं जड जात असावं. आमच्या ऑफिसात मात्र कामगारासाठी खुर्चीच नव्हती.

कापलेले पैसे मी परत दिले, माफीही मागितली. त्याने नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या आणि शांतपणे म्हणाला, ‘‘बाबूजी, लाइट जाती है ना, तब आप लोगों की हँसी अंदर तक सुनाई देती है.’’