रानांतलें राजेशाही जेवण

गेल्या आषाढांत आमच्या मातोश्रींना एक्याऐशीं वर्षें पूर्ण झालीं. सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ त्यांनीं निक्षून नाकारला. "होम नको, आहेर नको. एकदां सर्वांबरोबर पहिल्या पंक्तीला बसून गरम भात खायचा आहे, आणि तो मीं रांधलेला नसावा," एवढेंच त्या म्हणाल्या. साठ वर्षें जिनें घरच्या दोन दोन पंक्ती उठवून मग स्वतःचें पान मांडलें, तिची ही मागणी ऐकून आमच्यापैकीं कित्येकांच्या माना खालीं गेल्या.

पौडच्या पुढें, मुळशीच्या बाजूस, अलीकडे उंची उपाहारगृहें पुष्कळ निघालीं आहेत. त्यांपैकीं एकाची कीर्ति स्नेह्यांकडून ऐकली होती. (नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं.) त्यांच्या पत्रकांत 'मुळशीचा अस्सल आंबेमोहोर' अशी ओळ होती आणि तिनेंच आम्हांस तेथें नेलें. मुळशी खोऱ्यांतील गांवें धरणाखालीं जाऊं नयेत म्हणून १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं झालेला सत्याग्रह वाचकांस ठाऊकच आहे. त्यास यश आलें नाहीं. जीं गांवें बुडालीं, त्यांतील एकांत आमच्या आजीचें, म्हणजे मातोश्रींच्या आईचें, माहेर होतें. भात शिजूं लागला कीं ओसरीपर्यंत आंब्याच्या मोहोराचा वास येई, ही गोष्ट आजी अखेरपर्यंत सांगत असे.

स्थळ रम्य होतें, हें कबूल केलें पाहिजे. समोर जलाशय, मागें धुक्यांत बुडालेला डोंगर, दाराशीं जातें, उखळ, पाटा-वरवंटा. सारें अर्थात् शोभेपुरतें! आम्ही अकराजण बसलों आणि सवा तास नुसतेच बसलों. मग भाकरी आली ती चार तुकडे करून, टोपलींत रुमालाखालीं निजवून. ज्वारीच्या पिठांत गव्हाचा चिवटपणा नसतो. म्हणून तें ताजें दळलेलें हवें, कढत पाण्यांत मळावयास हवें आणि भाकरी तव्यावरून थेट ताटांत पडावयास हवी. गार झाली कीं ती कडक व्हावयाचीच. हें आमच्या घरची दहा वर्षांची मुलगीहि जाणते. पिठल्यावर सायीची नक्षी काढलेली होती, पण फोडणींत हिंगाचा पत्ता नव्हता.

मातोश्रींनीं फक्त वरणभात सांगितला होता. तो आला तेव्हां आम्हां दहाजणांचीं जेवणें आटोपून हात वाळत आले होते. दाणा लांबसडक आणि सुटा. आंबेमोहोराचा दाणा आंखूड असतो व शिजल्यावर मऊ होतो. "आई, ही तर बासमती दिसते. परत पाठवूं का?" वहिनींनीं विचारलें. "नको ग, अन्न आहे," म्हणून त्या जेवल्या. सर्वांच्या मागाहून, नेहमींप्रमाणेंच.

बिल १२,६५० रुपयांचें, आणि वर दहा टक्के सेवाशुल्क! असें शुल्क बिलांत आपोआप धरूं नये, असें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं बजाविलें व दिल्ली उच्च न्यायालयानें २८ मार्च २०२५ रोजीं तें उचलून धरलें. दादांनीं हें शांतपणें सांगतांच व्यवस्थापकांनीं तो आंकडा वजा केला. वाद झाला नाहीं. बहुधा सांगणारे आम्ही पहिलेच नसूं.

तरी मार्गशीर्षांत आम्ही पुन्हां गेलों. "एखाद्या दिवशीं घडी चुकते रे माणसाची," हें मातोश्रींचेंच म्हणणें. या वेळीं दोन दिवस आधीं दूरध्वनि करून भात पहिल्यानें वाढण्याचें वचन घेतलें होतें. तो पहिल्यानें आला खरा, पण पुन्हां ऊन केलेला, कडेला वाफ आणि मध्यें गार. शिवाय तो इंद्रायणी होता. इंद्रायणी वाईट नव्हे. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांत आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरांतून निघालेला, १९८७ सालचा हा वाण म्हणजे आंबेमोहोराचा मुलगाच. पण मुलाला बापाच्या नांवानें वाढून बापाची किंमत घ्यावी, हें आम्हांस रुचलें नाहीं. मातोश्रींनीं दोन घास घेतले आणि उरलेला भात वाटीखालीं सारला. पानांत टाकलेलें त्यांचें अन्न आम्हीं जन्मांत प्रथमच पाहिलें.

परततांना पौडजवळ एका शेतकऱ्याच्या घरीं दोन किलो आंबेमोहोर मिळाला. पुढच्या रविवारीं दादांनीं व आम्हीं स्वयंपाकघर ताब्यांत घेतलें, वहिनींसहि बाहेर बसविलें आणि मातोश्रींचें पान पहिल्या पंक्तींत, अगदीं मधोमध मांडलें. झांकण काढतांच वास माजघरापर्यंत गेला. भाताचा मात्र गोळा झाला होता.

"पाणी अंमळ जास्त झालें रे," मातोश्री म्हणाल्या, आणि त्यांनीं पान पुढें केलें. "वाढ आणखी. तूप जरा सढळ हातानें घाल."