खिळा, दोरी आणि एक डोळा

फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमध्ये मासाच्चोने १४२७च्या सुमारास ‘ट्रिनिटी’ हे भित्तिचित्र रंगवलं. क्रुसावरच्या ख्रिस्तामागे कमानदार छताचं एक दालन खोलवर गेलेलं दिसतं. भिंत मात्र सपाट आहे. ओल्या गिलाव्यात कोरलेल्या आखणीच्या रेषा अजून शाबूत आहेत. एका बिंदूवर खिळा ठोकायचा, त्याला दोरी बांधून ताणायची आणि रेषा मारायच्या, अशी ही पद्धत.

तिच्यामागे साधी भूमिती आहे. वस्तूकडून डोळ्याकडे प्रकाश सरळ रेषेत येतो. वाटेत काच उभी धरली, तर किरण जिथे काचेला छेदतात तिथे दृश्य उमटतं. समरूप त्रिकोणांच्या नियमानुसार दुप्पट अंतरावरचा खांब काचेवर निम्म्या उंचीचा होतो. काचेशी काटकोन करून दूर जाणाऱ्या सगळ्या समांतर रेषा एकाच लोपबिंदूकडे धावतात. आल्बर्तीने १४३५ मध्ये चित्रकारांसाठी हे शास्त्र ग्रंथरूपात मांडलं.

लोपबिंदू नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यासमोर असतो. म्हणजे तो ठरवताना चित्रकार प्रेक्षकाची जागाही ठरवतो.

मासाच्चोने तो उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर, क्रुसाच्या पायथ्याशी ठेवला. त्याआधी ब्रुनेलेस्कीने तर आपल्या चित्रफळीलाच भोक पाडलं होतं. मागून त्या भोकाला एक डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात चित्र पाहायचं. डोळा एकच, जागाही एकच.

लिओनार्दोने मिलानमधल्या ‘लास्ट सपर’मध्ये हा बिंदू ख्रिस्ताच्या उजव्या कानशिलावर घेतला, तिथे खिळ्याचं भोक सापडलं आहे. हा बिंदू जमिनीवर उभ्या माणसाच्या नजरेपेक्षा बराच वर आहे. तरीही चित्रातली खोली कोणाला वाकडी वाटत नाही. दोन डोळ्यांना भिंतीचा पृष्ठभाग कळतो आणि त्या आधारावर मेंदू चुकीच्या जागेची भरपाई करतो.

हा आधार काढून घेतला तर? रोमच्या सांत’इग्नात्सिओ चर्चच्या छतावर आंद्रेआ पोत्झोने १६९०च्या दशकात आकाशात चढत जाणारे खांब रंगवले. योग्य जागा दाखवणारी चकती खाली फरशीत बसवली आहे. चकती सोडून बाजूला गेलं, की खांब कलंडू लागतात. छत इतकं उंच आणि वक्र आहे, की डोळ्यांना त्याचा पृष्ठभाग जाणवतच नाही, म्हणून मेंदूला दुरुस्ती करता येत नाही, असं स्पष्टीकरण दृष्टिशास्त्रज्ञ मॉरिस पिरेन यांनी १९७०च्या आपल्या पुस्तकात दिलं.