नदीची पाणीपातळी (कृष्णा नदी)

नदीची पाणीपातळी म्हणजे ठरावीक शून्य बिंदूपासून मोजलेली नदीच्या पृष्ठभागाची उंची होय. सांगली येथे कृष्णा नदीची पातळी १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ फुटांत मोजली जाते. तेथे ४० फूट ही इशारा पातळी, तर ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ही पातळी ५७ फुटांवर गेली होती.

== पातळी आणि विसर्ग ==

पातळी म्हणजे नदीची खोली नव्हे. तसेच दोन ठिकाणच्या शून्य बिंदूंची उंची वेगळी असल्याने तेथील आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या घनफळास विसर्ग म्हणतात. तो क्युसेक, म्हणजे घनफूट प्रतिसेकंद, या एककात सांगतात. धरणातील साठा टीएमसीमध्ये मोजतात. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग दिवसभर चालल्यास एक टीएमसी पाणी वाहून जाते. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणाची साठवणक्षमता १०५.२५ टीएमसी आहे. या धरणातून सोडलेले पाणी कऱ्हाड येथील संगमात कृष्णेला मिळते व काही तासांनंतर सांगलीला पोहोचते.

== फुगवटा ==

सांगलीच्या खालच्या अंगास हरिपूर येथे वारणा नदी कृष्णेला मिळते. वारणेस पूर असल्यास कृष्णेचे पाणी तुंबते. अशा वेळी विसर्ग फारसा न वाढताही सांगलीतील पातळी चढते. त्यामुळे केवळ पातळीवरून प्रवाहाचा वेग ठरविता येत नाही.

== नौकानयनातील उपयोग ==

नाव पाण्यात घालण्यापूर्वी पातळीबरोबरच तिचा कल आणि धरणातील विसर्ग पाहणे आवश्यक असते. एकाच पातळीला चढते पाणी सामान्यतः उतरत्या पाण्यापेक्षा अधिक वेगवान असते व झाडे, ओंडके वाहून आणते. पात्राबाहेर पसरलेल्या पाण्याखाली कुंपणे, तारा व झाडांच्या फांद्या दडलेल्या असतात; त्यांची नोंद मोजपट्टीवर होत नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी नाव उलटून अनेक ग्रामस्थांचा मृत्यू झाला.

रायगड जिल्ह्यात कोलाडजवळ कुंडलिका नदीवरील राफ्टिंग वीजनिर्मितीनंतर सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते. तेथे पाणी सोडण्याची वेळ हीच मुख्य माहिती ठरते.