जागच्या जागी गाडी लागते तेव्हा

आंबा घाटात एसटी वळणं घेऊ लागली की ज्याला गाडी लागते त्याला खिडकीची जागा द्यायची, हुंगायला लिंबू द्यायचं आणि 'लांबवर बघ' म्हणायचं, हे आपल्याकडे पोराबाळांनाही ठाऊक असतं. थीम पार्कमधल्या सिम्युलेटर राइडवर मात्र हे शहाणपण पांगळं पडतं. तिथे खिडकी नसते, आणि लांबवर जे दिसतं तो पडदा असतो. बंद खोलीतली खुर्ची दोन-चार फूट वर-खाली होते, आणि चार मिनिटांनी बाहेर पडणारा माणूस मात्र घाट उतरून आल्यासारखा कठड्याला धरून उभा असतो. मग सोबतचे लोक कारणं सांगतात: पोट बिघडलं असेल, नाश्ता जास्त झाला, घाबरला. यातलं बरंचसं चुकीचं असतं.

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. सिम्युलेटर जन्मले ते वैमानिकांच्या सरावासाठी. जानेवारी 1987 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये 'स्टार टूर्स' ही राइड सुरू झाली, तेव्हा तिच्या पोटात रेडिफ्यूजन सिम्युलेशन या विमानांचे सिम्युलेटर बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं यंत्र होतं. एका केबिनमध्ये 40 प्रवासी बसत. त्याच वर्षी आपल्याकडे प्रदर्शित झालेल्या 'मिस्टर इंडिया'वर बेतलेली सिम्युलेटर राइड पुढे खोपोलीजवळच्या इमॅजिका थीम पार्कमध्ये आली.

अशा यंत्रात केबिन सहा पायांवर तोललेली असते. हे पाय कमी-जास्त लांब झाले की केबिन पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली सरकते आणि तिन्ही अंगांनी कलते. खरी गंमत कलण्यात आहे. पडद्यावर यान सुसाट सुटतं त्याच क्षणी केबिन हळूच मागे रेलते. तुमची पाठ खुर्चीत दाबली जाते. दाबते ती पृथ्वीची नेहमीचीच ओढ, पण डोळ्यांसमोर तारे मागे पळत असल्यामुळे मेंदू तिला वेग समजतो. नंतर केबिन इतकी सावकाश पूर्वपदावर येते की ते कळू नये. राइड सगळी या फसवणुकीवर उभी असते. फसवणूक जमली की मजा, आणि कानाने ती पकडली की मळमळ.

गैरसमज १: हे नाजूक किंवा भित्र्या लोकांचं दुखणं आहे.

वस्तुस्थिती: अंतर्कर्ण शाबूत असलेल्या जवळपास कोणालाही पुरेशी हालचाल दिली तर गाडी लागू शकते. प्रत्येक कानात आत तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं, की त्यांतला द्रव ते टिपतो. शेजारचे दोन छोटे अवयव सरळ रेषेतली हालचाल आणि गुरुत्वाची दिशा ओळखतात. आजाराने किंवा जन्मतःच ज्यांची ही यंत्रणा पूर्ण निकामी असते, त्यांना बोटही लागत नाही. म्हणजे गाडी लागणं ही कान नीट काम करत असल्याची खूण आहे.

धैर्याशी त्याचा संबंध जोडायचा, तर अवकाशवीरांचं काय करायचं? स्पेस शटलने पहिल्यांदा गेलेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांना सुरुवातीच्या दिवसांत हा त्रास झाला. 1950च्या दशकात अमेरिकेत हेलिकॉप्टरचे सिम्युलेटर आले, तेव्हा तर नवशिक्यांपेक्षा मुरलेल्या प्रशिक्षकांनाच जास्त मळमळ होते असं दिसलं. खरं हेलिकॉप्टर कसं हलतं हे त्यांच्या अंगात भिनलेलं होतं, त्यामुळे नक्कल कुठे चुकते ते त्यांच्या शरीराला लगेच कळत होतं.

एवढं खरं, की सगळे सारखे संवेदनशील नसतात. दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो, शाळकरी वयात तो सर्वाधिक असतो आणि पुढे कमी होत जातो. अर्धशिशी असणाऱ्यांना तो जास्त होतो.

गैरसमज २: दोष पोटाचा असतो, म्हणून उपाशीपोटी बसावं.

वस्तुस्थिती: पोट हा शेवटचा मुक्काम आहे, भांडण सुरू होतं डोळे आणि कान यांच्यात. डोळे सांगतात, आपण दरीत कोसळतो आहोत. कान सांगतो, आपण जेमतेम वीतभर हललो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी 1970च्या दशकात मांडलेली ही विसंगतीची उपपत्ती आजही सर्वाधिक मान्य आहे. पण या विसंगतीने उलटीच का व्हावी? मिशेल ट्रीझमन यांनी 1977 मध्ये एक अंदाज मांडला: विष पोटात गेलं तरी संवेदनांचा असाच घोळ होतो, म्हणून मेंदू सावध होऊन पोट रिकामं करायला सांगतो. हा अंदाज अजून वादात आहे.

रिकाम्या पोटी मळमळ टळत नाही, उलट आम्लाची आणि अशक्तपणाची भर पडते. तळलेलं, तिखट, पोटभर खाऊन बसणंही तितकंच वाईट. तास-दीड तास आधी दोन इडल्या किंवा पोळी-भाजीचा छोटा घास, आणि घोट घोट पाणी हे बरं.

गैरसमज ३: रोलर कोस्टर झेपतो, त्याला सिम्युलेटर म्हणजे किरकोळ.

वस्तुस्थिती: रोलर कोस्टरमध्ये तुम्ही खरोखर पडता. डोळे, कान आणि पाठ तिघांचीही साक्ष बव्हंशी एकच येते. सिम्युलेटरमध्ये ती फुटते. त्यामुळे इमॅजिकातल्या नायट्रोसारख्या कोस्टरवर हात वर करून ओरडणारा गडी पडद्यासमोर पाच मिनिटांत गप्प होऊ शकतो.

हादरे जास्त म्हणून त्रास जास्त, हाही हिशेब बरोबर नाही. बोटीसारख्या वर-खाली हालचालीवर झालेल्या प्रयोगांत, साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा या संथ गतीने सर्वाधिक लोकांना मळमळलं. भरभर बसणारे गचके त्या मानाने निरुपद्रवी असतात. आणि कधी कधी खुर्ची हलण्याचीही गरज नसते. दादरला आपली लोकल उभी असताना शेजारची सुटली की क्षणभर आपणच निघालो असं वाटतं. तोच भास डोळ्यांच्या कडांपर्यंत वळलेला घुमटाकार पडदा सतत देत राहतो. पडदा जितका मोठा, तितकी ही ओढ जास्त.

गैरसमज ४: समोर लांबवर नजर ठेवली की बरं वाटतं.

वस्तुस्थिती: बोटीत किंवा गाडीत हे खरं आहे, कारण तिथलं क्षितिज स्थिर आणि खरं असतं. सिम्युलेटरमध्ये क्षितिजच खोटं बोलत असतं. त्याच्याकडे टक लावणं म्हणजे भांडणात तेल ओतणं. इथे घाटातला सल्ला उलटा करायचा: जवळ बघा. समोरच्या खुर्चीची पाठ, हातातला दांडा, पडद्याची काळी कड, यांपैकी काहीही चालेल. तेवढ्याने भागलं नाही तर डोळे सरळ मिटून घ्या. पडद्याची साक्षच बंद झाली की उरतात ते केबिनचे मोजके धक्के, आणि ते बहुतेकांना सोसतात. (समुद्रावर मात्र डोळे मिटून सगळं भागत नाही. अंध व्यक्तींनाही बोट लागते, कारण तिथे हालचालच खरी आणि मोठी असते.)

डोकं खुर्चीला टेकवून स्थिर ठेवा, शेजाऱ्याशी बोलायला मान वळवत राहू नका. जागा निवडता आली तर मधली घ्या. कडेची खुर्ची केबिन कलताना जास्त अंतर हलते, आणि कडेवरून पडद्यावरचं चित्रही वाकडं दिसतं.

एक अपवाद लक्षात ठेवायला हवा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमधली 2003 सालची 'मिशन: स्पेस' ही राइड केबिनला मोठ्या चक्रात गरगर फिरवते. अशा यंत्रात डोळे मिटणं किंवा मान वळवणं त्रास वाढवू शकतं, म्हणून तिथली सूचना समोर बघत राहण्याची असते. तिथे उलटीच्या पिशव्या ठेवलेल्या असतात, आणि 2006 मध्ये न फिरणारी सौम्य आवृत्तीही सुरू झाली. म्हणून बसण्यापूर्वी विचारा: ही केबिन फक्त डोलते की गोल फिरते?

गैरसमज ५: मळमळायला लागलं की उलटीची गोळी घ्यावी.

वस्तुस्थिती: दोन चुका एकदम होतात. पहिली वेळेची. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं आणि गोळी रक्तात पोचायला उशीर होतो. ती निदान अर्धा-एक तास आधी घ्यावी लागते. दुसरी चूक औषधाची. घरात असलेलं ऑन्डान्सेट्रॉन पोटाच्या संसर्गातल्या किंवा केमोथेरपीनंतरच्या उलट्यांवर चांगलं, पण गाडी लागण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. इथे प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट यांसारखी औषधं चालतात. त्यांनी झोप येते. गाडी चालवणाऱ्याने ती घेऊ नयेत, मद्यासोबत तर नाहीच. मुलांना, गरोदर स्त्रियांना, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नयेत. दोन वर्षांखालच्या मुलांना प्रोमेथाझिन मुळीच नको.

गैरसमज ६: आलं, लिंबू, मनगटी पट्टा म्हणजे हमखास इलाज.

वस्तुस्थिती: आल्यावरचे प्रयोग संमिश्र आहेत, काहींत फायदा दिसला, काहींत नाही. आलेपाक चघळून नुकसान नाही, फक्त त्याच्या भरवशावर राहू नका. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांचा पुरावा आणखी कच्चा आहे. लिंबाच्या वासाने कोंदट वास झाकला जातो, एवढंच. त्यापेक्षा फुकटचा उपाय चांगला: संथ, एका लयीत श्वास घेत राहणं. प्रयोगांत त्याने मळमळ उशिरा सुरू झालेली दिसली आहे. तोंडावर येणारी गार हवाही बरी वाटते.

गैरसमज ७: लगेच परत बसलं की सवय होते, आणि उतरलं की सगळं संपतं.

वस्तुस्थिती: सवय होते हे खरं. खलाशी आणि वैमानिक त्यावरच तगतात. पण ती दिवसांच्या अंतराने, थोड्या थोड्या मात्रेने होते. एका दुपारी लागोपाठ तीन राइड घेतल्या तर त्रास साठत जातो. शिवाय मळमळ ओसरल्यावरही काही जणांना तास-दोन तास जांभया, डोकं जड होणं, तोल ढळल्यासारखं वाटणं चालू राहतं. सिम्युलेटरवरच्या सरावानंतर वैमानिकांना ठरावीक काळ विमान उडवू न देण्याची पद्धत यातूनच पडली.

आपण वैमानिक नसलो तरी संध्याकाळी खोपोलीहून पुण्याला गाडी हाकत जाणारा कोणीतरी आपल्यात असतोच. म्हणून दिवसाची आखणी करताना पडद्याच्या राइड सकाळी, हलक्या पोटाने घ्या आणि दोन राइडमध्ये उघड्यावर फिरा. आणि चालकाला शेवटच्या राइडचा आग्रह करू नका. तो बाकावर पर्स आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसला तर बसू द्या. परतीच्या बोरघाटात वळणं खरी असतील, आणि तेव्हा त्याचे डोळे आणि कान एकमताने बोलायला हवेत.